घरावर ३ किलोवॅट सोलर अन् लिथियम बॅटरी, उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढल्यावरचा हिशोब

पहिले हेच सांगून टाकतो, कारण गावात कोणी ना कोणी "बॅटरीनं बिल किती कमी झालं" असं विचारतच राहते. बॅटरी लावली म्हणून बिल कमी येत नाही. बिल कमी येते ते पॅनलनं अन् नेट मीटरनं. दिवसा जास्तीची वीज लाईनवर गेली की तेवढे युनिट आपल्या नावावर जमा होते अन् रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होते, मंग तीच वीज बॅटरीत भरून रात्री काढली तं उलट शंभरातले दहा-पंधरा युनिट भरण्या-काढण्यातच जाते. बॅटरी कायले लावायची तं मे महिन्यात रात्री लाईन गेल्यावर झोप लागावी म्हणून, बस. त्या झोपेसाठी लाख-दीड लाख टाकायची तयारी असन तं पुढचं वाचा, नसन तं साधं ऑन-ग्रिड (लाईनशी जोडलेलं, बिनाबॅटरीचं) लावा, पैसे लवकर निघतील.

आमचं गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्हा. घर समोरून स्लॅबचं, मागं दोन खोल्या टिनाच्या. इकडं एप्रिलपासून जरा वावधान सुटलं की लाईन गेली समजा, कुठं झंपर तुटते, कुठं फांदी तारेवर पडते, अन् डीपीच बसली तं मंग रात्र गेली कामातून. पहिले साधा इन्व्हर्टर अन् एक ट्युब्युलर (पाणी टाकायची, शिसे-ॲसिडवाली) बॅटरी होती, तिच्यावर पंखे कसेबसे चालायचे पण कूलर लावला की थोड्याच वेळात टूं टूं सुरू. ज्यानं विदर्भातला मे पाह्यला त्याले सांगायची गरज नाही की ४५ अंशात नुसता पंखा म्हणजे गरम हवेचा झोत.

तं घेतलं काय, ५४० वॅटचे ६ पॅनल म्हणजे ३२४० वॅट, ३ किलोवॅटचा हायब्रिड (लाईन अन् बॅटरी दोन्हीशी जोडता येणारा) इन्व्हर्टर, अन् ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, तिच्यात साधारण ५ युनिट वीज मावते. स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग सगळं धरून ३ लाख ३५ हजार झाले. त्यातले ७८ हजार सबसिडीचे नंतर बँक खात्यात आले. बॅटरी अन् हायब्रिडचा फरक काढला तं साध्या ऑन-ग्रिडले दोन लाखाच्या आतबाहेर लागले असते.

सबसिडीचं लोकायच्या डोक्यात बम घोळ आहे म्हणून सांगतो. ती पीएम सूर्यघर योजनेची, फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालेली. पहिल्या २ किलोवॅटले किलोवॅटमागं ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटले १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटले ७८ हजार, अन् त्याच्यावर तुम्ही ५ लावा का १० लावा, तेवढेच. पॅनल डीसीआर पाहिजे म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले, ते थोडे महाग पडते, अन् काही जण स्वस्तातले नॉन-डीसीआर दाखवून "सबसिडी पाहू नंतर" म्हणते, तिथून उठून या. लाईनशी न जोडलेलं नुसतं ऑफ-ग्रिड लावलं तं सबसिडी नाही. बॅटरीले तं कोणत्याच हिशोबात नाही. शेतातल्या सौर पंपाची योजना साफ वेगळी, त्यात शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के अन् अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के असते, तिचा घरच्या सोलरशी काही संबंध नाही. आमच्या इकडं पारावर हे दोन्ही एकत्र करून सांगणारे पुष्कळ आहेत.

अजून एक, मीटर कोणाच्या नावावर आहे ते पहिले पाहून घ्या. गावात निम्म्या घरचे मीटर वारलेल्या आजोबाच्या नावावर असते, अन् सबसिडी खात्यात यायची तं बिलावरचं नाव, आधार अन् बँकेचं खातं जुळाले पाहिजे. नाव बदलून घ्या, मागची थकबाकी भरून टाका, मंग योजनेच्या पोर्टलवर अर्ज करा. उलट्या क्रमानं गेलं की कागद अडकते.

आता हायब्रिडच काऊन. आमच्या गल्लीत एकानं आमच्या आधी साधं ऑन-ग्रिड लावलं अन् पहिल्यांदा भर दुपारी लाईन गेली तं त्याचं घर बंद, वर ऊन फटफटीत अन् खाली पंखा बंद. तो दुकानदारावर भडकला की खराब माल देला. माल खराब नव्हता, ऑन-ग्रिड तसंच असते. लाईन गेली की त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होते, नाहीतं आपल्या घरची वीज तारेवर जाईल अन् खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हायब्रिडमध्ये काय होते की लाईन गेली की तो तारेपासून स्वतःले तोडून घेते अन् घरातली ठरवलेली एक लाईन पॅनल अन् बॅटरीवर चालू ठेवते. ही बदली इतकी लवकर होते की टीव्ही बंद पडत नाही. शेजारचे "लाईन गेली का" म्हणून विचारतात तेव्हा आम्हाले समजते.

पण ती "ठरवलेली एक लाईन", सगळी गंमत तिच्यातच आहे, अन् विकणारा याच्यावर एक शब्द बोलत नाही. आमच्या दुकानदारानं (तालुक्याचा नाही, जिल्ह्याच्या गावचा, नाव नाही लिहीत) अर्धा तास पॅनलच्या कंपन्या सांगितल्या, ही कंपनी अशी ती कंपनी तशी, २५ वर्षं वॉरंटी. मी म्हटलं भाऊ पॅनल सगळे सारखेच दिसून राहिले मले, घरातलं काय काय चालन ते सांग. तं म्हणे "सगळंच चालते साहेब". सगळंच चालत नाही. ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर १ एचपीची बोअरची मोटर चालू करून पाहा, चालताना ती साधारण किलोवॅटभरच खाते पण सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते, अन् त्या एका झटक्यात इन्व्हर्टर ट्रिप. गिझर, इस्त्री, घरगुती चक्की, हे पण बॅकअपवर नको.

म्हणून फिटिंगच्या दिवशी बोर्डापाशी जे भांडण झालं ते चांगलंच झालं असं मी समजतो. लाईनमन पोरगा बोर्ड उघडून उभा, एका हातात टेस्टर, काळ्या-लाल वायरी बाहेर लोंबून राहिल्या, अन् तो विचारते, बॅकअपवर काय काय घेऊ? बाबा म्हणे, "मोटर घे पहिले. मोटर नाही चालत तं कायचं सोलर?" आई म्हणे, "मले कूलर पाहिजे अन् देवाजवळचा लाईट, बाकी तुमचं तुम्ही पाहा." बायकोचं फ्रिज. पोराचं राऊटर. लाईनमन पोरगा हसून म्हणे, "काकाजी, मोटर घेतली तं कूलर नाही चालनार, आता तुम्हीच सांगा." बाबा काही वेळ गुमसुम बसले, मंग म्हणे टाकी भरून ठेवत जाऊ. तिथं निकाल लागला. एक कूलर, दोन खोल्यांचे पंखे, सगळे लाईट, फ्रिज, टीव्ही, राऊटर हे बॅकअपवर, मोटर-गिझर-चक्की सरळ लाईनवर. मोटर लाईनवर आहे म्हणून ती सोलरवर चालत नाही असं नाही, लाईन असली की दिवसा तिचे युनिट पॅनलच भरते, फक्त लाईन गेल्यावर ती बंद.

हे लोड वेगळं करायची वायरिंग कोटेशनमध्ये आहे का नाही ते विचारा. जुन्या घरात एकाच फेजवर सगळं गुंतलेलं असते, न्यूट्रल पण एकच, अन् घाईत बॅकअपचा न्यूट्रल लाईनच्या न्यूट्रलशी जोडला तं इन्व्हर्टर फॉल्ट दाखवत बसते. आमच्याकडं एका खोलीत तसं झालंच, पोरानं नवीन वायर ओढून मोकळं केलं. त्या पोराले माझ्याकडून पाचापैकी पाच. दुकानदाराले तीन, तेही पोरामुळं.

दुकानदाराचे मार्क कुठं कापले ते सांगतो. त्यानं इन्व्हर्टर अन् बॅटरी मागच्या सपरीत पश्चिमेच्या भिंतीवर लावायचं ठरवलं होतं कारण तिथून केबल कमी लागते. वर टिन, समोरून दुपारनंतरचं ऊन. बहुतेक लिथियम बॅटरीच्या कागदावरच लिहिलं असते की ५० अंशाच्या आसपास चार्जिंग बंद होईल, अन् टिनाखाली आमच्याकडं मे महिन्यात काय होते ते कोंबड्यांले विचारा. म्हणजे ज्या दिवशी बॅटरी पाहिजे त्याच दिवशी ती भरणार नाही. मी अडून बसलो, केबल स्लॅबच्या खोलीत आतल्या भिंतीपर्यंत आणाले लावली, वरचे केबलचे पैसे देले. इन्व्हर्टरच्या आजूबाजूले हातभर जागा मोकळी ठेवली, त्याचा पंखा उन्हाळ्यात दिवसभर फिरते.

दुसरे मार्क अर्थिंगचे. खड्डे तीन पाहिजे, एक एसीचा, एक डीसीचा, एक वीजरोधकाचा म्हणजे ते वर टोक असलेला रॉड असते त्याचा. तिकडून मजूर आले अन् दोनच खड्डे करून राहिले होते, म्हणे दोन्ही एकातच जोडतो काही होत नाही. इकडं जूनच्या पहिल्या पावसात विजा कशा पडतात हे दर वर्षी पेपरात येते, वावरात माणसं-बैलं जातात, अन् हा म्हणे काही होत नाही. तिसरा खड्डा झाला तेव्हाच पुढं जाऊ देलं. डीसी अन् एसीच्या डब्यात एसपीडी आहे का तेही पाहून घ्या, वीज जवळ पडली तं तो छोटा डबा जळते अन् इन्व्हर्टर वाचते. अन् आपल्या काळ्या मातीची एक गोष्ट, उन्हाळ्यात ती भेगाळते अन् रॉडपासून सुटते, मंग अर्थिंग नावालाच राहते. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी टाकत जा.

आता वानरं. शहरातले लोक सोलरचे रिव्ह्यू टाकतात त्यात वानरं कधीच नसतात. आमच्याकडं काळतोंड्यांचा कळप सकाळी कडुलिंबावरून स्लॅबवर, स्लॅबवरून टिनावर, असा रोजचा रस्ता आहे. पॅनल लावल्यावर पहिल्याच आठवड्यात एक दांडगा हुप्प्या पॅनलच्या वरच्या कडेवर बसून खाली लोंबणारी केबल ओढून पाहून राहिला होता, अगदी निवांत, जसा काही चेकिंगले आला. काच फुटली नाही, ती काच मजबूत असते, पण केबलचा जोड ढिला झाला तं तिथं ठिणगी पडू शकते, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. मंग सगळी केबल पाईपात घेतली, प्लास्टिकच्या पट्ट्या काढून स्टीलच्या लावल्या (प्लास्टिकच्या तशाही दोन उन्हाळ्यात तुटतात), अन् पॅनलच्या खालून एकही वायर लोंबती ठेवली नाही. वानरं अजून येतात. पण दुपारी नाही, दुपारी काच एवढी तापते की त्यांचंही बूड टिकत नाही.

स्ट्रक्चर आम्ही उंच घेतलं, खालून माणूस उभा चालते. खर्च वाढला पण आईची अट होती की कुरड्या, सांडगे, मिरच्या वाळवायची जागा गेली नाही पाहिजे. खालचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवले, स्लॅबले भोकं पाडू देले नाही, भोकं पाडली की दोन पावसाळ्यात गळती लागते. उंच असलं की वारं जास्त लागते म्हणून ठोकळे जड अन् तिरपे आधार पाहिजेच.

सावलीचं पण पाहा. आमच्याकडं उन्हाळ्यात पाहणी केली तेव्हा पॅनलवर सावलीचा ठिपका नव्हता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेले खाली उतरला तं कडुलिंबाची एक फांदी सकाळी एका पॅनलवर सावली धराले लागली, अन् सहाही पॅनल एका माळेत असल्यानं एकावरची सावली बाकीच्यांलेही भोवते. फांदी छाटली, झालं. तुम्ही पाहणी कधीही करा पण दक्षिणेकडचं झाड हिवाळ्याच्या हिशोबानं पाहा.

वीज किती होते? किलोवॅटमागं दिवसाले सरासरी ४ युनिट धरा, आमचे १२-१३ होतातच. मजेची गोष्ट म्हणजे लोकायले वाटते मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज. तसं नाही. पॅनलवर लिहिलेले वॅट २५ अंशाचे असतात, अन् आपल्याकडं मेमध्ये काचेखालचा सेल ६५-७० पर्यंत जाते, दर अंशामागं साधारण ०.३५ टक्के घटते म्हणजे दुपारी शंभरातले पंधरा गेले. त्यात धूळ. आमचे सगळ्यात चांगले दिवस फेब्रुवारी-मार्चचे, ऊन कडक पण हवा थंड. ऑक्टोबरात सोयाबीनचे थ्रेशर चालू होतात तेव्हा कुटार उडून काचेवर पिवळा थर बसते, तेव्हा पुसलंच पाहिजे, युनिट लगेच वाढलेले दिसतात. पावसाळ्यात झडी लागली की दिवसाले ३-४ युनिट, कधी तेवढेही नाही. धुताना दुपारी थंड पाणी टाकू नका, सकाळीच धुवा, अन् बोअरचं पाणी क्षाराचं असन तं फडक्यानं कोरडं करा, नाहीतं पांढरे डाग बसतात ते निघत नाही.

बॅटरीचा रात्रीचा हिशोब आमच्या घरचा असा. कूलर २०० वॅटचा, ८ तास म्हणजे १.६ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दोन, ३०-३० वॅट, रात्रभराचे अर्धा युनिट (जुना पंखा एकटाच ७५ वॅट खाते, पंखे बदला पहिले, बॅटरी मागून घ्या). फ्रिजचा अर्धा, लाईट-राऊटर मिळून पाव. झाले ३ च्या आसपास. बॅटरीतून हातात येते सव्वाचार. म्हणजे पूर्ण रात्र लाईन गेली तरी सकाळी उरते. पाहुणे आले अन् दुसराही कूलर लावला तं पहाटे-पहाटे बॅटरी हात टेकते, हे पाह्यलेलं आहे. सेटिंगमध्ये आम्ही उन्हाळ्यात बॅटरी भरलेलीच ठेवतो, लाईन असताना तिले हात लावत नाही. दुकानदारानं रोज रात्री बॅटरी वापरायचं सेटिंग करून देलं होतं "बिल वाचन" म्हणून, ते आम्ही बदलवलं. कारण ते वरच सांगितलं.

ट्युब्युलर काऊन नाही घेतली असं विचारतात. १५० अँपिअरच्या चार लागल्या असत्या, त्यातली अर्धीच वीज काढायची नाहीतं त्या लवकर मरतात, पाणी टाकत राहा, टर्मिनल साफ करत राहा, अन् आपल्या उन्हाळ्यात त्या चार वर्षं काढल्या तं देव पावला. सुरुवातीले स्वस्त आहे हे खरं. ज्याचं बजेट नाही त्यानं तीच घ्यावी, त्यात काही वाईट नाही. लिथियम म्हणजे इलेक्ट्रिक स्कूटरसारखी पेट घेते का ही भीती आईलाही होती. घरासाठी येते ती एलएफपी, लोह-फॉस्फेटची, ती स्कूटरमधल्या काही बॅटऱ्यांपेक्षा खूप शांत जातीची असते. तरी झोपायच्या खोलीत नको, अन् जवळ कापसाचं गाठोडं तं अजिबात नको. हे लिहावं लागते कारण आपल्याकडं कापूस घरातच भरतात.

बिल आता किती? युनिट शून्य येते तरी स्थिर आकार येतोच, "मोफत" म्हणून कोणी शून्याच्या बिलाची वाट पाहू नका. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जातात, ३१ मार्चले वर्षाचा हिशोब होते अन् उरलेल्याचा मोबदला कमी दरानं मिळते, म्हणून गरजेपेक्षा मोठं लावून कमाई करायच्या नादी लागू नका. अन् कोटेशन जुनं असन तं जीएसटी तपासा, पॅनलवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला. आम्ही त्याच्या आधीचे, आम्हाले १२ नंच पडलं.

पॅनलले पाच, बॅटरीले साडेचार (अर्धा कापला कारण सोबत आलेल्या ॲपले आमच्या गावच्या नेटवर्कवर आकडे दाखवायचा कंटाळा येते), इन्व्हर्टरले चार, पंख्याचा आवाज रात्री शांततेत जाणवते. सर्व्हिस आतापर्यंत बरी, फोन उचलतात, योजनेत विक्रेत्यानं ५ वर्षं देखभाल करायची असते ते बिलावर लिहून घ्या. बॅटरी अन् इन्व्हर्टरचे सिरीयल नंबर फोटो काढून ठेवा, वॉरंटी कार्डावर तेच आहेत का पाहा.

अन् शेवटचे पैसे देताना एक काम करा. भर दुपारी नाही, सायंकाळी अंधार पडल्यावर त्याले बोलवा, कूलर, फ्रिज, पंखे सगळं चालू ठेवा, अन् त्याच्यासमोर मेन स्विच खाली पाडा. अर्धा तास चहा-पाणी होऊ द्या. सगळं चालू राह्यलं तं चेक द्या.